स्पोर्ट्स कारचे शॉकअप: गेलेत का ते ओळखणं आणि नीट बदलून घेणं

मुंबईत शॉकअप खराब झालेली गाडी महिनोन्महिने कुणाच्या लक्षात येत नाही. दादर ते अंधेरी हा रोजचा प्रवास ताशी २५-३० च्या वेगानं होतो. तिथे गाडी जरा जास्त हलली तर आपण खड्ड्याला बोल लावतो आणि पुढे जातो. तीच गाडी रविवारी सकाळी अटल सेतूवर ताशी १०० ला नेली की फरक जाणवतो. पुढचा भाग हलका वाटतो, पुलाचा सांधा ओलांडल्यावर मागची बाजू दोन-तीनदा झुलते, सरळ रस्त्यावरही स्टिअरिंग सारखं सावरावं लागतं. ऑक्टेव्हिया आरएस, मिनी कूपर एस, बीएमडब्ल्यू एम३४०आय, मस्टँग, पोर्श ७१८ अशी गाडी पहिल्यांदाच घेतली असेल, त्यातही सेकंडहँड, तर पुढची माहिती पार्ट मागवण्याआधी वाचा. महागडे शॉकअप बदलूनही आवाज तसाच राहिला, ही तक्रार अगदी नेहमीची आहे. तपासणीचा क्रम चुकला की हे होतं.

शॉकअप करतो काय

गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप नाही. खड्ड्यात दबलेली स्प्रिंग मोकळी सोडली तर ती वर-खाली होतच राहील. ते झुलणं मारायचं काम शॉकअपचं. त्याच्या आत तेल असतं, आणि दांड्याच्या टोकाचा पिस्टन त्या तेलातून बारीक झडपांतून वाट काढत सरकतो. या धडपडीत हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. म्हणून खराब रस्त्यावरून आल्यावर चांगला शॉकअप हाताला गरम लागतो.

स्पोर्ट्स कारची स्प्रिंग कडक, टायर रुंद आणि त्याची भिंत बुटकी. साध्या गाडीत थोडा धक्का टायरच गिळतो, इथे तो जवळजवळ सगळा शॉकअपवर येतो. शॉकअप मऊ पडला की कडक स्प्रिंग चाकाला रस्त्यावर धरून ठेवण्याऐवजी उडवायला लागते. टायरवरचा भार क्षणात वाढतो, क्षणात घटतो, आणि भार असा वर-खाली होत राहिला की टायरची पकड सरासरीनं कमीच मिळते. ब्रेक लागायला अंतर जास्त लागतं. चाक हवेत असताना ब्रेक दाबला की ते लगेच अडकतं आणि एबीएस उगाच मध्ये येतं. पावसात टायर पाण्यावर तरंगायला नेहमीपेक्षा कमी वेग पुरतो.

वेग वाढल्यावरच हे का दिसतं, हे एका हिशोबानं कळेल. समजा पुलाचे सांधे १५ मीटरवर आहेत. ताशी ८० ला गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर जाते, म्हणजे सेकंदाला साधारण दीड झटका बसतो. स्पोर्ट्स कारची बॉडीही आपल्या स्प्रिंगांवर सेकंदाला दीड-दोनदा झुलते. दोन्ही ताल जुळले की प्रत्येक सांधा आधीच्या झोक्यात भर घालतो, झोपाळ्याला वेळेवर धक्का दिल्यासारखा. शॉकअप ठीक असेल तर पुढचा सांधा येईपर्यंत आधीचा झोका विरलेला असतो. ईस्टर्न फ्रीवेवर एका ठराविक वेगाला गाडी हलते आणि वेग थोडा कमी-जास्त केला की थांबते, असं होत असेल तर शॉकअपवर संशय घ्यायला तेवढं पुरे.

शॉकअपचे मुख्य प्रकार दोन. दोन नळ्यांच्या, म्हणजे ट्विन-ट्यूबच्या, बाहेरच्या नळीत राखीव तेल आणि कमी दाबाचा वायू असतो. एकाच नळीच्या मोनोट्यूबमध्ये खूप जास्त दाबाचा नायट्रोजन तेलापासून एका सरकत्या पिस्टननं वेगळा ठेवलेला असतो. खूप तापल्यावर तेल पातळ होतं, त्यात फेस धरतो आणि शॉकअप तात्पुरता ढिला पडतो. ट्विन-ट्यूबमध्ये हे लवकर होतं. पुन्हा थंड झाल्यावर तोच शॉकअप बरा वाटतो. म्हणूनच खंडाळा घाटातून येताना गाडी डोलते आणि दुसऱ्या दिवशी मेकॅनिक दाबून पाहतो तेव्हा त्याला काहीच सापडत नाही. तक्रार सांगताना ‘गरम झाल्यावर होतं’ हे आवर्जून सांगा.

घरच्या घरी तपासणी

पावसाळा संपल्यावर एकदा आणि एरवी दर १०,००० किलोमीटरला ही तपासणी करा. शॉकअपचं आयुष्य साधारण ८०,००० किलोमीटर धरतात, पण आपल्या खड्ड्यांत आणि उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवर त्या आकड्याचा भरवसा धरू नका. खोल खड्ड्यात शॉकअप तळाला आपटला तर आतली झडप किंवा दांडा एका झटक्यात जाऊ शकतो.

आधी टायर बघा. स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरच्या नक्षीवरून तळहात फिरवा, आधी एका दिशेनं, मग उलट. ठराविक अंतरावर खळगे लागले, कडेनं वाट्या कोरल्यासारखे, तर चाक रस्त्यावर उड्या मारत होतं. अशी झीज बॅलन्सिंग बिघडल्यानंही होते, त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका. तार दिसत असेल किंवा टायरच्या भिंतीला फुगा आला असेल तर गाडी आधी टायरवाल्याकडे न्या.

मग तेल. चाक वळवलेलंच ठेवून टॉर्चनं शॉकअपची नळी बघा. वरच्या भागात धुळीला धरून आलेला पातळ ओलावा चालतो, दांड्यासोबत थोडं तेल सीलबाहेर येतच असतं. खालपर्यंत ओघळ आलेला असेल, नळीच्या तळाशी चिकट गाळ साचला असेल, तर सील गेलं. पावसाळ्यात पाणी आणि तेल यांत गल्लत होते. अशा वेळी नळी कापडानं कोरडी पुसा, २०० किलोमीटर चालवा आणि पुन्हा बघा.

रबराचं डस्ट कव्हर फाटलं असेल तर ते हलक्यात घेऊ नका. वरळी, वांद्रे, वर्सोवा अशा समुद्राजवळच्या वस्तीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत फाटक्या कव्हरमधून खारी हवा आणि चिखल थेट चकचकीत दांड्यावर जातो. दांड्याला गंजाचे बारीक खड्डे पडले की प्रत्येक हालचालीत ते सीलला कानसीसारखे खरवडतात. कव्हर वेळेवर बदललं तर शॉकअप वाचतो.

बॉनेटचा कोपरा दाबून सोडण्याची जुनी चाचणी इथे फारशी उपयोगाची नाही. स्प्रिंग इतकी कडक असते की हातानं दाबून शॉकअपची परीक्षाच होत नाही. गाडी दोन-तीनदा झुलली तर शॉकअप नक्की गेलाय. झुलली नाही म्हणून तो चांगला आहे असं मात्र ठरत नाही.

त्यापेक्षा उष्णतेची चाचणी करा. खराब रस्त्यावर १५-२० मिनिटं चालवून या आणि बिनस्पर्शाच्या इन्फ्रारेड थर्मामीटरनं एकाच अॅक्सलच्या (पुढच्या किंवा मागच्या जोडीतल्या) दोन्ही शॉकअपच्या नळ्यांचं तापमान लगेच मोजा. जो काम करत नाही तो जोडीदारापेक्षा थंड राहतो. नळीवर तीच उंची धरा, आणि एका बाजूला सायलेन्सर किंवा तापलेला ब्रेक जवळ असेल तर तेवढा फरक सोडून द्या. दोन्ही सारखेच गेलेले असतील तर मात्र ही चाचणी फसते.

शेवटी चालवून बघा. सकाळी मोकळ्या, कोरड्या रस्त्यावर, मागे कुणी नाही याची खात्री करून ताशी ५०-६० वरून ठाम ब्रेक लावा. नाक एकदा खाली जावं, गाडी थांबल्यावर एकदा वर यावं, बस. कम्फर्ट आणि स्पोर्ट असे मोड असतील तर त्याच रस्त्यावर दोन्ही लावून बघा. दोन्हींत काहीच फरक नसेल तर झडप, वायरिंग किंवा कनेक्टर तपासायला लागेल.

काही वर्कशॉपमध्ये चाकाखालची पट्टी हलवून टायरची रस्त्यावरची पकड टक्क्यांत दाखवणारं सस्पेन्शन टेस्टर असतं. साधारणपणे ६० च्या वर उत्तम आणि २० च्या खाली वाईट. पण कडक स्प्रिंग आणि बुटक्या टायरांच्या हलक्या गाडीचा आकडा मुळातच कमी येतो, तेव्हा डाव्या-उजव्यातला फरक जास्त महत्त्वाचा माना. टायरमधली हवा आधी बरोबर करा, नाहीतर आकडे खोटे येतात.

खडखड झाली म्हणजे शॉकअपच असं नाही

पैसे बहुतेक इथेच वाया जातात. खराब शॉकअप सहसा मुका असतो, तो गाडी झुलवतो पण आवाज फारसा करत नाही. लहान लहान खडबडीवर टकटक आवाज येत असेल तर आधी अँटिरोल बारची (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांड्याची) लिंक रॉड बघा. ती स्वस्त असते आणि मुंबईत सगळ्यांत आधी तीच जाते. गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवलं आणि स्प्रिंग टणकन उडाल्यासारखी वाजली तर वरच्या माउंटचं, म्हणजे शॉकअप बॉडीला जिथे जोडतात त्या जोडाचं, बेअरिंग गेलंय. ब्रेक लावताना किंवा सोडताना एकच धप्प आवाज म्हणजे लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) रबरी बुश. गुळगुळीत रस्त्यावर ताशी ८० ते १०० मध्येच स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग किंवा वाकडी रिम. बुटक्या टायरांत रिम वाकणं फार सोपं आहे, म्हणून चारही चाकं मशीनवर फिरवून डोळ्यांनी बघा.

अलाइनमेंटचा छापील कागद जपून ठेवा. पुढच्या दोन चाकांच्या कॅम्बरमध्ये (चाकाच्या आत-बाहेर कलण्यात) अर्ध्या अंशाहून जास्त फरक अचानक आला असेल तर खड्ड्यात स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंगचा एकत्र खांब) किंवा नकल (चाक ज्यावर बसतं तो भाग) वाकला असण्याची शक्यता मोठी. असा शॉकअप तेल गाळत नसला तरी बदलावाच लागतो.

पार्ट येईपर्यंत

या गाड्यांचे शॉकअप दुकानात तयार क्वचितच मिळतात, बाहेरून यायला काही आठवडे लागू शकतात. तोवर हवा दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणेच ठेवा. जास्त हवा भरली तर चाक आणखी उडतं. पुढच्या गाडीपासून अंतर वाढवा, मुसळधार पावसात एक्सप्रेस वे टाळा. सागरी किनारी मार्गावर ८० आणि अटल सेतूवर १०० ही धडधाकट गाडीची कमाल मर्यादा आहे, ढिल्या शॉकअपवर त्याच्या बरंच खाली राहा. तेल ब्रेक डिस्कवर किंवा टायरवर पडत असेल, किंवा स्प्रिंग तुटली असेल, तर गाडी चालवूच नका. अख्खी गाडी वर चढवून नेणारा फ्लॅटबेड ट्रक मागवा, आणि पट्टे चाकांवरून बांधायला सांगा. पुढची चाकं उचलून ओढणारी टोइंग व्हॅन खाली बसलेल्या गाडीचा बंपर तोडते.

पार्ट मागवताना

१७ अक्षरी चेसिस नंबर द्या. एकाच मॉडेलमध्ये स्पोर्ट सस्पेन्शन, साधं आणि इलेक्ट्रॉनिक अशी तीन तीन प्रकारची जोडणी असते. फोक्सवॅगन-स्कोडा-ऑडीत डिकीतल्या स्टिकरवर सस्पेन्शनचा पीआर कोड (कुठली जोडणी बसवलीय ते सांगणारा कोड) असतो. बीएमडब्ल्यूत चेसिस नंबरच्या शेवटच्या सात अक्षरांवरून पार्ट निघतो.

एका अॅक्सलचे दोन्ही शॉकअप एकदम बदला, एकच गळत असला तरीही. एक नवा आणि एक जुना असेल तर जोरात ब्रेक लावल्यावर किंवा वळणावर गाडी दोन बाजूंना दोन तऱ्हेनं वागते. पुढच्या जोडीसोबत हे घ्या: दोन टॉप माउंट बेअरिंगसह, दोन बंप स्टॉप (शॉकअप तळाला आपटू न देणारे रबरी ठोकळे), दोन डस्ट कव्हर, उत्पादकानं एकदाच वापरायचे म्हटलेले सगळे नट-बोल्ट, आणि ढिल्या असतील तर दोन लिंक रॉड. मजुरी एकदाच पडते, त्यामुळे जुनं माउंट परत बसवून पैसे वाचत नाहीत.

इलेक्ट्रॉनिक शॉकअप असेल, पोर्शचा पीएएसएम किंवा ऑडी टीटीचा लोहकणांच्या तेलावर चालणारा मॅग्नेटिक राइड, तर त्याच्या जागी साधा शॉकअप बसवून कनेक्टर मोकळा सोडू नका. डॅशबोर्डवर इशारा कायम राहतो, आणि त्या आड येणारा दुसरा खरा बिघाड दिसत नाही.

ऑपेरा हाऊस भागातल्या स्पेअर पार्टच्या दुकानांत किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जोडी मिळाली, तर दांड्यावर ओरखडा, सीलजवळ नवा रंग, नळीवर ताजं वेल्डिंग आहे का ते बघा. उभा धरून तीन-चारदा दाबून-ओढून घेतल्यावरही दांडा मध्येच पोकळ सरकला तर घेऊ नका. तेल बदलून विकलेला रीकंडिशन शॉकअप ताशी १०० च्या गाडीला लावू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. आत कोणत्या जाडीचं तेल आणि किती दाबाचा वायू भरलाय, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. शॉकअप बनवणाऱ्या कंपनीनं स्वतः किंवा तिच्या अधिकृत केंद्रानं रीबिल्ड केलेला असेल तर गोष्ट वेगळी.

काम कसं होतं

नवख्यानं पुढचा स्ट्रट स्वतः सोडवायला हरकत नाही, पण स्प्रिंग दाबून उघडण्याचं काम वर्कशॉपमध्येच करून घ्यावं. स्वतः करणार नसाल तरी क्रम माहीत असू द्या, म्हणजे समोर उभं राहून बघता येतं.

१. सपाट जमिनीवर हँडब्रेक लावा, उलट्या बाजूच्या चाकांना ठोकळे लावा. चारही चाकांच्या मधल्या टोपीपासून फेंडरच्या कडेपर्यंतची उंची मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. गाडी खाली असल्यामुळे बुटका जॅक लागतो. जॅक फक्त ठरलेल्या जागी, रबरी पॅडसह लावा. साइड स्कर्टखाली लावला तर तो फुटतो. गाडी स्टँडवर टेकल्याशिवाय खाली हात घालू नका.

२. चाक काढा. ब्रेकचा होस आणि एबीएसची वायर स्ट्रटवरच्या पकडीतून सोडवा. लिंक रॉडचा नट सोडवताना मधला खिळा अॅलन कीनं धरा, नाहीतर तो नटासोबतच फिरत राहतो. कॅलिपर (ब्रेक पॅड धरणारा भाग) काढावं लागलं तर तारेनं वर बांधा, होसवर लोंबू देऊ नका.

३. स्ट्रट आणि नकलचा जोड दोन तऱ्हेचा असतो. दोन बोल्टांचा असेल तर बोल्टाच्या डोक्यावर आणि नकलवर रंगानं खूण करा, कॅम्बर तिथेच बदलतो. फोक्सवॅगन गटात नकल स्ट्रटला चिमट्यासारखा धरतो. त्याच्या फटीत स्प्रेडर घालून थोडं फिरवलं की स्ट्रट सुटतो. हातोड्यानं ठोकू नका. नकल खाली जॅकवर पेलून धरा, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) सांधा ताणून निसटतो.

४. आता बॉनेटखालचे वरचे नट. कडेचे नट सोडवायचे, बहुतेक गाड्यांत तीन असतात. मधला मोठा नट गाडीवर असताना कधीही सोडवायचा नाही. दबलेली स्प्रिंग त्या एका नटानं धरलेली असते. तो सुटला तर स्प्रिंग जीवघेण्या जोरानं उसळते.

५. वर्कशॉपमध्ये स्प्रिंग जागेवर पक्क्या बसवलेल्या कॉम्प्रेसरवर दाबतात. हातानं आवळायचे दोन हुकांचे कॉम्प्रेसर वापरत असतील तर ते समोरासमोर लावून आळीपाळीनं थोडे थोडे आवळायचे. स्प्रिंग बैठकीवरून मोकळी हलायला लागल्यावरच मधला नट. त्या वेळी स्प्रिंगच्या रेषेत चेहरा नको.

६. ट्विन-ट्यूब नवा शॉकअप उभा धरून तीन-चारदा सावकाश पूर्ण दाबून-ओढून घ्या, म्हणजे आडव्या प्रवासात आत गेलेली हवा निघते. मधला नट आवळताना दांडा त्याच्या डोक्यावरच्या षटकोनी खाचेत अॅलन की घालून धरायचा. इथे दोन चुका सर्रास होतात: दांडा पकडीनं धरणं आणि नटावर इम्पॅक्ट गन (झटक्यांनी नट फिरवणारं यंत्र) चालवणं. पहिलीनं दांड्यावर चरा पडून सील महिन्याभरात गळतं, दुसरीनं दांडा आतल्या आत फिरून पिस्टन ढिला होतो. नवा शॉकअप लवकर गेला तर आधी दांड्यावर पकडीचे दात उमटलेत का ते बघा.

७. बंप स्टॉप आणि कव्हर चढवलंय ना, स्प्रिंगचं टोक बैठकीच्या पायरीला टेकलंय ना, माउंटवरचा बाण योग्य दिशेला आहे ना, हे स्प्रिंग सैल सोडण्याआधी बघा. नंतर सगळं पुन्हा उघडावं लागतं.

८. सगळे बोल्ट आधी हातानं लावा. रबरी बुशमधून जाणारे बोल्ट गाडीचं वजन चाकांवर आल्यावरच अखेरचे आवळायचे. चाक लोंबत असताना आवळले तर गाडी खाली येताच रबर पिळलेलं राहतं, गाडी किंचित उंच बसते आणि बुश काही महिन्यांत फाटतो. टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळायचा तो आकडा, त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या. चाकाच्या बोल्टांचा अंदाज म्हणून: फोक्सवॅगन गटात बऱ्याच ठिकाणी १२० न्यूटन-मीटर, बीएमडब्ल्यूच्या १४ मिमी बोल्टांना १४०, अलीकडच्या पोर्शमध्ये १६०.

मागच्या बाजूला बऱ्याच गाड्यांत स्प्रिंग आणि शॉकअप वेगवेगळे असतात, तिथे काम सोपं. फक्त खालचा बोल्ट काढण्याआधी आर्मखाली जॅक लावा, कारण आर्म फार खाली जाऊ नये म्हणून तिथे शॉकअपच अडवणूक करतो. पोर्श ७१८ ला मात्र मागेही स्ट्रटच आहे, स्प्रिंगची तीच काळजी तिथेही घ्यावी लागते.

काम झाल्यावर

उंची पुन्हा मोजा. डाव्या-उजव्यात १० मिलिमीटरहून जास्त फरक असेल तर स्प्रिंग बैठकीत नीट बसलेली नाही, किंवा एक स्प्रिंग तुटलीय. सुमारे ५० किलोमीटर चालवून चाकांचे बोल्ट टॉर्क रेंचनं तपासा आणि मग अलाइनमेंट करा. अलाइनमेंटनंतर स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणायला सांगा, नाहीतर ईएसपी (गाडी घसरू न देणारी यंत्रणा) सरळ रस्त्यावरही गाडी वळतेय असं समजू शकतं. उंचीचे सेन्सर असतील तर त्यांच्या कांड्या पुन्हा लावल्यात ना ते बघा. कांडी सुटली की हेडलाइट आभाळाकडे बघतात.

लोअरिंग स्प्रिंग आणि कॉइलओव्हर

मूळ शॉकअपवर नुसत्या बुटक्या स्प्रिंगा बसवू नका. शॉकअप सतत दबलेल्या स्थितीत राहतो, प्रत्येक स्पीडब्रेकरला बंप स्टॉपवर आपटतो आणि लवकर मरतो. बदल करण्याआधी विमा कंपनीला लेखी विचारा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसी बुकातल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही.

कॉइलओव्हर, म्हणजे उंची आणि कडकपणा बदलता येणारे स्प्रिंग-शॉकअप, घेतलेच तर कडकपणाच्या बटणाची सुरुवात मधल्या क्लिकवर करा. पूर्ण कडक बाजूला फिरवून तिथून मागे मोजायचं आणि आकडा लिहून ठेवायचा. एका वेळी दोनच क्लिक बदला, दोन्ही बाजू सारख्या, आणि त्याच रस्त्यावर चालवून बघा. रिबाउंड (शॉकअप परत लांब होतानाचा विरोध) फार कडक केला तर सलग खड्ड्यांत चाकाला परत खाली यायला वेळ मिळत नाही, गाडी प्रत्येक खड्ड्यागणिक खाली बसत जाते आणि शेवटी बंप स्टॉपवर आदळते. असं झालं की लोक शॉकअप मऊ आहे समजून तो आणखी कडक करतात. उलट तिथे रिबाउंड दोन क्लिक सैल करायचा असतो.

कॉइलओव्हरचे आटे पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी साध्या पाण्यानं धुऊन, सुकवून, त्यावर सिलिकॉन स्प्रे मारा. दोन पावसाळे खारी हवा खाल्लेली, उंची बदलायची रिंग हलत नाही, आणि पान्यानं जबरदस्ती केली तर अॅल्युमिनियमचे आटेच उडतात.